खुलासा : ॲकलेशियाच्या ऑपरेशनात मुलाची अन्ननलिका काढत नाहीत

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : मुलाचा घास छातीत अडकत असेल तर डॉक्टर अन्ननलिका काढतात, मग जन्मभर नळीनं अन्न, त्यापेक्षा कोरड्या भाताचे गोळे गिळवा. हे खरं नाही, आणि गोळे तर धोक्याचेच.

ॲकलेशियात अन्ननलिकेच्या तळाची झडप गिळताना सैल पडत नाही. अन्न वर साचतं, रात्री उलटून श्वासनलिकेत जातं. गोळ्यांनी साठा वाढतोच. १९१३पासून चालत आलेल्या हेलर मायोटॉमी या ऑपरेशनात झडपेवरचा फक्त बाहेरचा स्नायू उभा चिरतात, आतलं अस्तर शाबूत ठेवतात. बालशल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकांत हेच आहे. अन्ननलिका काढणं फार क्वचित, ती पार निकामी झाली तरच.

धोके आहेत, ते लपवू नयेत. अस्तराला भोक पडू शकतं. लगेच दिसलं तर टाके घालतात, उशिरा कळलं तर छातीत जंतुसंसर्ग होतो. ऑपरेशननंतर ताप, छातीत दुखणं किंवा मानेच्या कातडीखाली दाबल्यावर कुरकुर जाणवली तर त्याच क्षणी डॉक्टरांना कळवा. चीर अपुरी राहिली तर त्रास परततो. हाच स्नायू तोंडावाटे दुर्बिणीनं चिरतात त्या ‘पोएम’ (POEM) ऑपरेशननंतर आम्ल वर येण्याचा त्रास जास्त दिसतो. हेलरमध्ये बहुधा जठराची घडी शिवून तो आवरतात.

सगळ्यात दुर्लक्षित धोका भुलीचा : साचलेलं अन्न फुप्फुसात जाणं. म्हणून ऑपरेशनच्या आधी एक-दोन दिवस, सांगितलं असेल तितके, फक्त पातळ आहार. पोर रडलं म्हणून आजीनं मऊ भात भरवला असेल तर भूलतज्ज्ञांना सांगाच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.