जड सिंक टिपसाठी स्पे कास्टची निवड: आपल्या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार.

महाशीर माशाच्या फ्लाय फिशिंगसाठी महाकाली नदीवरील पंचेश्वरला जाण्यापूर्वी आपण आमच्या ठाण्यातील दुकानातून १३ फुटी, ८ नंबरचा दोन हाती रॉड, ५७० ग्रेनचे स्कॅजिट हेड (लाइनचा पुढचा वजनदार भाग) आणि टी-१४ ची १० फुटी सिंक टिप (हेडच्या पुढे जोडायचा, पाण्यात बुडणारा तुकडा) घेतली होती व आमच्याकडे तलावावर सरावही केला होता. आपण दोन तारे देऊन लिहिले आहे की रॉडला पेलणार नाही इतके वजन आम्ही दिले, सरावात स्पे कास्टपैकी, म्हणजे लाइनचे टोक पाण्यात टेकवून तिथून ती पुढे फेकण्याच्या प्रकारांपैकी, डबल स्पे आणि स्नॅप-टी एवढेच शिकवून जोरदार असा सिंगल स्पे टाळला, आणि दुपारच्या वाऱ्यात डबल स्पे करताना जड फ्लाय (हुकावर बांधलेले कृत्रिम आमिष) टोपीवर येऊन आदळली. यातील शेवटची गोष्ट इजेची आहे, म्हणून उत्तर तिच्यापासून सुरू करतो.

पंचेश्वरला भारताच्या बाजूने उभे राहणारा माणूस महाकालीच्या उजव्या काठावर असतो, म्हणजे नदीकडे तोंड केल्यावर पाणी त्याच्या डावीकडून उजवीकडे वाहते. डबल स्पेमध्ये लाइनचा अँकर, म्हणजे टोकाने पाण्यात घेतलेली पकड, प्रवाहाच्या खालच्या अंगाला पडतो. या काठावर तो उजव्या खांद्याच्या बाजूला येतो आणि उजव्या हाताच्या माणसाला अगदी सोयीचा वाटतो. परंतु डोंगरी खोऱ्यांत ऊन तापले की वारा खालून वर, प्रवाहाच्या उलट दिशेने वाहू लागतो, आणि तोच वारा उजवीकडची लाइन व जड फ्लाय थेट अंगावर ढकलतो. अशा वेळी डबल स्पे कितीही चांगला जमत असला तरी थांबवलाच पाहिजे. स्नॅप-टीमध्ये अँकर वरच्या अंगाला, म्हणजे येथे डाव्या बाजूला पडतो आणि वारा लाइनला आपल्यापासून दूर नेतो. यासाठी डावा हात वर घ्यावा लागतो किंवा उजवा हात वर ठेवून डाव्या खांद्यावरून कास्ट करावा लागतो. हे अवघड आहे, पण ज्या बाजूने वारा अंगावर येतो त्या बाजूला अँकर टाकायचा नाही, या नियमाला दोन हाती रॉडवर सूट नाही. सरावात हे दोन कास्ट जोडीने घेतले जातात ते याच कारणासाठी: सकाळी एक, दुपारी दुसरा.

वजनाबद्दल थोडक्यात सांगतो. ५७० ग्रेन म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम. टी-१४ चे वजन दर फुटाला १४ ग्रेन, म्हणून १० फुटांचे १४० ग्रेन, सुमारे ९ ग्रॅम. आपण दोन्हींची बेरीज करून ७१० ग्रेन हा आकडा रॉडच्या शिफारशीशी ताडून पाहिला आहे, परंतु स्कॅजिट पद्धतीत शिफारस केवळ हेडच्या वजनाची असते; टिप त्यात धरत नाहीत, कारण रॉड वाकवताना ती पाण्यात अँकर म्हणून पडलेली असते.

आता सिंगल स्पे. तो सुंदर कास्ट आहे आणि हलक्या टिपवर तो आम्हीही आनंदाने शिकवतो. त्यात लाइन एका दमात पाण्यातून उचलून, टोक क्षणभर पाण्याला टेकवून, लगेच पुढे सोडायची असते. तरंगत्या लाइनला आणि लांब, हलक्या लीडरला (लाइन व फ्लाय यांमधल्या बारीक दोऱ्याला) हे शोभते. टी-१४ मात्र टंगस्टनमुळे झपाट्याने बुडते. ती खोल गेलेली असताना एका दमात उपटायला गेलो तर रॉडची सगळी ताकद टिप बाहेर काढण्यातच संपते, अँकर कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही आणि वजनदार फ्लाय रॉडला किंवा माणसाला लागते. जड सरंजामासाठी जोरदार कास्ट तोच, ज्यात टिप आधी पृष्ठभागावर आणली जाते, मग अँकर पाण्यात टिकून राहतो आणि त्याच्या विरोधात रॉड संथपणे, न थांबता वाकत जातो. डबल स्पे, स्नॅप-टी आणि पेरी पोक हे या घराण्यातले कास्ट आहेत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट नदीवर स्टीलहेड माशासाठी जड टिपा आणि मोठ्या फ्लाय वापरताना ही पद्धत घडली व तिचेच नाव आपल्या हेडला मिळाले. यांना सोपी पळवाट म्हणणे मला मनापासून पटत नाही.

आपले कास्ट निम्म्यातच कोसळत होते, असेही आपण लिहिले आहे. टी-१४ वर याची दोन कारणे नेहमी दिसतात. अँकर पडल्यावर जास्त वेळ थांबले की टिप पुन्हा बुडून चिकटते. आणि रॉड मागे फिरवताना मध्येच वेग तुटला की लाइन सैल पडते व पुढे ढकलायला काही उरत नाही. उपाय म्हणून माणूस वरच्या हाताने जोर लावतो, त्याने लूप, म्हणजे हवेत उलगडत जाणाऱ्या लाइनचा वळसा, आणखी बिघडतो. फिरवण्याचा वेग एकसारखा ठेवावा आणि शेवटी खालचा हात पोटाकडे ओढावा. तरीही लाइन सैल वाटली, तर पेरी पोकने ती समोर पाण्यावर टाकून त्याच जागेवरून पुन्हा ताण घेता येतो. जागा अरुंद असेल तेव्हाही तो उपयोगी पडतो. तलावाच्या साचलेल्या पाण्यात टिप ओढणारा प्रवाह नसतो, त्यामुळे हा फरक नदीवर गेल्यावरच हाताला कळतो.

आपला सेट घेऊन कोणत्याही रविवारी सकाळी दुकानात यावे. हेड आणि टिप आपल्यासमोर काट्यावर तोलून दाखवू. टी-१४ ऐवजी टी-८ ची १० फुटी टिप हवी असल्यास ती विनाशुल्क बदलून देऊ. ८० ग्रेनची ही टिप कमी खोल जाते, पण उचलायला पुष्कळ सोपी पडते. त्यानंतर तलावावर, हुकाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून, डावा हात वर घेऊन फक्त स्नॅप-टीचा सराव करू, आणि त्याचेही शुल्क घेणार नाही. तोवर जड फ्लाय लावताना गॉगल व टोपी घालावी, हुकाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, आणि वारा खालून येऊ लागताच उजव्या खांद्यावरचा कास्ट थांबवावा, ही विनंती.