झेड म्हणणाऱ्या आंटींचं काय चुकलं?

आज सकाळी मडगावच्या एका कचेरीत एक वयस्क आंटी आडनाव सांगत होत्या. 'वाझ. व्ही, ए, झेड.' काउंटरवरचा मुलगा हसला. 'झेड न्हय आंटी, झी!' आणि फोनवर पलीकडच्याला ऐटीत 'व्ही, ए, झी' सांगून मोकळा झाला. कागद छापून आला तर शेवटी जी! वाझचं वाग!

डोकंच फिरलं. झी अमेरिकेतलं, म्हणून झेड काय गावंढळ आहे? ग्रीक झीटा, लॅटिन, फ्रेंच आणि मग इंग्रजी, अशी त्याची वाट. अमेरिकेला खेटून असलेल्या कॅनडातही झेडच चालतं. 1835 मध्ये बॉस्टनला प्रसिद्ध झालेल्या एबीसीच्या गाण्यात व्हीला यमक जुळतं ते झीचं, आणि तेच आता पोरांच्या मोबाईलवर वाजतं. पोरांवर राग नाही. कानाला गोडच लागतं ते.

बरं, झी चुकीचं नाही. 17व्या शतकात इंग्लंडमध्येही ते होतं, आणि आपल्याकडची पोर्तुगीज शिकलेली जुनी माणसं 'झे' म्हणायचीच.

पण फोनवर? बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही आठ अक्षरं आधीच 'ई'वर संपतात. त्यात झी नववं. जुन्या फोनलाइनवर जेमतेम 300 ते 3400 हर्ट्झचा आवाज जातो. स-झची बरीचशी सळसळ त्याच्या वरची, ती कापली जाते. त्यात आपल्याकडे अनेकांच्या तोंडी झचा ज होतो. मग आंटींचं वाग होणार नाही तर काय! झेडच्या शेवटी ड आहे. इंग्रजीतल्या दुसऱ्या कुठल्याच अक्षराचं नाव ड वर संपत नाही.

गोव्यात तर हे जपायलाच हवं. फर्नांडिस आपल्याकडे एसने संपतं, स्पॅनिश पद्धतीत झेडने. डिसोझा कुणाचा एसचा, कुणाचा झेडचा. एक अक्षर हुकलं की पॅन आणि पासबुक जुळत नाही. म्हणून झेड म्हणा, झाडातला झ, झेंड्यातला नव्हे. पुढे 'झेब्रातला' जोडा. कागदावर लिहिताना मधे आडवी रेघ द्या, नाहीतर त्याचा 2 वाचतात. आणि छापण्याआधी समोरच्याकडून एकेक अक्षर परत वदवून घ्या.

आंटींना आता दुरुस्तीसाठी ओळखपत्राची प्रत घेऊन पुन्हा यायचंय. त्या मुलानं माफी मागितली नाही. येतील तेव्हा त्यांनी तिथं ठणकावून झेडच म्हणावं.