किरमिजी म्हणजे त्याग? छे, तो रुमालाचा रंग

परदेशी प्रवेशांचे दिवस आले की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक तक्ता हमखास फिरतो: अमेरिकी विद्यापीठांचे रंग आणि त्यांचे अर्थ. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. संस्थापकांनी विद्यापीठ काढतानाच विचारपूर्वक रंग निवडले, लाल म्हणजे त्याग, निळा म्हणजे ज्ञान, नारिंगी म्हणजे उत्साह, आणि ही परंपरा तेव्हापासून अखंड चालत आली आहे. वाचायला छान वाटतं, पण इतिहासाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आधी संस्थापकांचं बघू. हार्वर्डची स्थापना १६३६ची आणि किरमिजी रंग अधिकृत झाला १९१० साली. येल १७०१चं, तिथे निळ्यावर शिक्कामोर्तब १८९४ला. ज्यांनी ही विद्यापीठं काढली त्यांना आपला असा काही रंग असावा लागतो हेच ठाऊक नव्हतं. रंग आले ते होड्यांच्या शर्यतींमुळे. हे वळणही मूळचं इंग्लंडचं: १८३६च्या शर्यतीत केंब्रिजवाल्यांनी होडीच्या नाळेला फिकट निळी फीत बांधली आणि तोच त्यांचा रंग होऊन बसला.

आता ‘लाल म्हणजे त्याग’. १८५८च्या जूनमध्ये बॉस्टनला चार्ल्स नदीवर शर्यत होती. होड्या अनेक, आणि आपली कोणती हे काठावरच्या लोकांना लांबून कळायला हवं. म्हणून हार्वर्डच्या चमूतल्या बेंजामिन क्राउनिनशील्ड आणि चार्ल्स एलियट यांनी लाल रेशमी रुमाल विकत आणून सगळ्यांना दिले. झाला विद्यापीठाचा रंग! त्यातला एलियट तेव्हा तिथे तरुण शिक्षक होता. पुढे १८६९पासून चाळीस वर्षं तोच हार्वर्डचा अध्यक्ष राहिला, त्यामुळे त्या रुमालांना आपोआप वजन आलं. तरीही मधल्या काळात गोंधळ झालाच. विद्यार्थी काही वर्षं मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी रंग मिरवत होते. त्यांनी १८७३मध्ये काढलेल्या नियतकालिकाचं नावही ‘मॅजेंटा’च होतं. १८७५ला विद्यार्थ्यांनी किरमिजीच्या बाजूने कौल दिला आणि नियतकालिकाने नाव बदलून ‘क्रिमझन’ केलं. त्यागासाठी रंग निवडला असता, तर त्याची नेमकी छटा कोणती यावर मतदान घ्यायची वेळ कशाला आली असती?

‘नारिंगी म्हणजे उत्साह’ हे प्रिन्स्टनसाठी लिहिलेलं असतं. इथे मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी: प्रिन्स्टनच्या नारिंगीला खरोखरच अर्थ आहे. फक्त तो उत्साह नव्हे. तिथल्या मुख्य इमारतीचं नाव नासाऊ हॉल, ते राजघराण्यावरून. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम ऑरेंज-नासाऊ घराण्यातला, आणि ऑरेंज म्हणजे नारिंगी, म्हणून १८६०च्या दशकात एका विद्यार्थ्याने नारिंगी सुचवला. काळा नंतर जोडीला आला. गंमत म्हणजे १८९६मध्ये ॲलन मार्क्वांड या प्राध्यापकाने दाखवून दिलं, की नासाऊ घराण्याचे रंग नारिंगी आणि निळा आहेत. विश्वस्तांनी ऐकून घेतलं आणि काळाच ठेवला. सवय झाली होती!

अखंड परंपरेबद्दल तर बोलायलाच नको. शिकागो विद्यापीठाचा रंग आधी पिवळा होता. तो मळतो, धुतल्यावर उतरतो, म्हणून १८९४मध्ये मरून आला. सिरॅक्यूजची सुरुवात गुलाबी आणि मटारी हिरव्याने झाली. आज तिथे सगळं नारिंगी.

पण या तक्त्याला सर्वात अडचणीचं उदाहरण व्हर्जिनिया विद्यापीठाचं. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धानंतर तिथले रंग होते रुपेरी करडा आणि लाल, आणि त्यांना उघड अर्थ होता: दक्षिणेच्या सैन्याचा करडा गणवेश आणि पडलेल्यांचं रक्त. तक्त्याला हवा तसा त्याग अखेर इथे सापडतो. पण झालं काय, तर फुटबॉलच्या चिखलात करडा रंग दिसेना. १८८८मध्ये रंग बदलायला विद्यार्थ्यांची सभा भरली. ॲलन पॉट्स नावाचा खेळाडू सभेला आला तो गळ्यात नारिंगी-निळा स्कार्फ घालून, ऑक्सफर्डच्या नौकाविहारात मिळालेला. तोच स्कार्फ पुढे करून विचारलं गेलं, हे रंग चालतील का? चालले, आणि आजही चालतात. युद्धाच्या आठवणीचे रंग चिखलापुढे टिकले नाहीत, हे माझ्या मते तिथल्या पोरांच्या व्यवहारी डोक्याला शोभेसंच झालं.

मग अर्थांचा हा हट्ट येतो कुठून? आपल्याकडे नवरात्रातल्या रंगांच्या तक्त्यातही प्रत्येक रंगापुढे एखादा गुण लिहिलेला असतो, आणि वार बदलला की रंगही बदलतो. तिथे कुणी भांडत नाही, मग इथेही कशाला भांडेल?

अमेरिकेत रंगाला ठरवून अर्थ दिलेली एक जागा मात्र आहे: पदवीदानाचा झगा. १८९५मध्ये अनेक विद्यापीठांनी मिळून त्याची संहिता ठरवली. पाठीवर सोडलेल्या हूडचं रेशमी अस्तर विद्यापीठाच्या रंगांचं असतं आणि मखमली कड विषयाच्या रंगाची. वैद्यकाची हिरवी, कायद्याची जांभळी, विज्ञानाची सोनेरी पिवळी. आपल्याकडून एमएस करायला जाणाऱ्या मुलांना यातली सर्वात ओळखीची कड अभियांत्रिकीची. ती नारिंगी असते, मग अस्तर कुठल्याही रंगाचं असो.