टाकी भरली की मोटर बंद व्हावी, एवढंच

आज सकाळी पुन्हा तेच. गच्चीवरची टाकी भरून वाहतीय, पार्किंगमधल्या गाड्यांवर धो धो पाणी, आणि खाली मोटर आपली चालूच. बटण दाबणारे काका रंकाळ्याला फिरायला गेलेले. मी ग्रुपवर लिहिलं, लेव्हल कंट्रोलर बसवूया. वरची टाकी भरली की मोटर आपोआप बंद, खालची रिकामी असली तर चालूच होणार नाही. उत्तर काय आलं? "वहिनी, कशाला उगाच खर्च?" आणि याच मंडळींनी दिवाळीत गेटला मोबाइलवरून रंग बदलणारे दिवे लावलेत. त्याला वर्गणी निघाली. आता बोला!

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की अख्खं कोल्हापूर स्टेटस टाकतं. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते सात दरवाजे आपापले उघडतात, उतरलं की आपापले मिटतात. त्याचं आपल्याला केवढं कौतुक! आणि आपल्या बिल्डिंगच्या टाकीला मात्र राखण करायला माणूस पाहिजे. काळम्मावाडी धरणाच्या ज्या पाण्यासाठी या गावानं वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ते पाणी गटारात. ते वर चढवायला जाळलेली वीजही त्याच गटारात.

आमच्या सासूबाईंचं सांगते. त्यांना गीझरची धास्ती. मागं एकदा आम्ही जोतिबाला निघालो होतो. गाडी शिवाजी पुलावर आली आणि मागच्या सीटवरून आवाज, "अगं, गीझर बंद केलाय न्हवं?" कुणालाच खात्रीनं आठवेना. गाडी वळवली. घरी येऊन बघतो तर बंदच होता. रात्रीही दोनदा उठणार, "थांब, मी बघून येतो" म्हणत भिंत चाचपत बाथरूमपर्यंत जाणार. पासष्टी उलटलेली बाई, गुडघे दुखतात.

मग मी गीझरला सोळा अँपिअरचा स्मार्ट प्लग बसवला, म्हणजे मोबाइलवरून वेळ लावून ठेवता येणारा प्लग. पहाटे साडेपाचला चालू, साडेसातला बंद. पहिल्यांदा भडकल्याच. "माझ्या घरात मला न इचारता गीझर कोण बंद करतंय?" आता शेजारणींना बोलावून मोबाइलवर दाखवतात. परवा आदमापूरला गेलो, तर जाताना पूर्ण वेळ झोपल्या होत्या. मला तेवढ्यातच सगळं मिळालं.

थर्मोस्टॅट असतो, पाणी तापलं की गीझर आपला थांबतो, हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये शिकवू नका. पाणी गार झालं की तो पुन्हा तापवतो, घरात आंघोळ करणारं कुणी नसलं तरी. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट. आणि शंभर युनिट ओलांडल्यावर दर कसा उडी मारतो ते बिल भरणाऱ्याला विचारा.

"सवय लावा, बटण बंद करायला काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कुणाची सवय? तुमच्या घरात पंखे, दिवे, सेट टॉप बॉक्स बंद करत कोण फिरतं? टीव्ही रिमोटनं बंद करून तुम्ही झोपायला जाता, बॉक्स रात्रभर गरम. त्याचा भिंतीवरचा स्विच बंद करायला आई उठते, नाहीतर बायको. सवय म्हणजे घरातल्या एका बाईची सवय, बाकीच्यांची मजा. शिवालयाला बेल वाहावा तसं रोज रात्री प्रत्येक बटणाला हात लावून यायचं. सासूबाईंनी चाळीस वर्षं हेच केलं, वर "किती कटकट करते" हेही ऐकून घेतलं.

हां, हे प्लग स्वतःही थोडी वीज खातात आणि वायफाय गेलं की रुसतात, मान्य. म्हणूनच म्हणते, पडदे सरकवायला आणि दिव्याला हाक मारायला पैसे घालवू नका. ती नुसती हौस. जिन्यात माणूस आला की लागणारा सेन्सरचा दिवा, गीझरला टायमर, मोटरला कंट्रोलर, आणि जुना पंखा बिघडला की बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घ्या. जुना पंचाहत्तर वॅट खातो, हा तिशीत भागवतो. सगळं एकदम करायची गरजच नाही.

उद्यमनगरात कंट्रोलर बसवणारा कुणी खात्रीचा वायरमन असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, रविवारच्या मीटिंगला मी दर हातात घेऊनच जाणार आहे. आणि "वहिनी, एवढं टेन्शन कशाला घेता" अशी कमेंट करणाऱ्याला सरळ ब्लॉक करीन. भाऊजी, हे तुम्हालाच आहे.