‘३७ व्होल्ट आले की पॅनल नव्यासारखं’: त्या मेसेजला एका वायरमनचं उत्तर

रविवारी सकाळी मामांचा फोन. मी अजून चहा पण घेतला नव्हता. "अरे सोलर बसवायचं ठरलंय, २५० वॅटचे १२ पॅनल २४ हजारात मिळतायत, टेम्पो सांगून ठेवलाय, तू फक्त तुझं मीटर घेऊन ये." म्हटलं मामा, कुणाकडून घेताय? तर म्हणे ग्रुपवर आलंय, खाली नंबर आहे, माणूस चांगला बोलतो.

तो मेसेज तुमच्याकडे पण आला असणार. मला गेल्या दोन महिन्यांत पाच जणांनी पाठवलाय, त्यातले दोघं माझेच जुने गिऱ्हाईक. थोडक्यात असा आहे: सोलर पार्कवाले दर ५ वर्षांनी पॅनल बदलतात आणि भंगारात काढतात. पॅनलचं आयुष्य २५ वर्षं, म्हणजे २० वर्षं तुम्हाला फुकट. मल्टिमीटर लावा, ३७ व्होल्ट आले की पॅनल नव्यासारखं. काच तडकली असली तरी चालतं, टेप लावा. सबसिडी ७८,००० मिळतेच. नेट मीटरची (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) भानगड नको, इन्व्हर्टरची वायर घरातल्या प्लगमध्ये खोचा, मीटर उलटं फिरेल. बिल मागू नका, बिलामुळेच महाग पडतं. आणि शेवटी कंपन्यांना ही माहिती दडपायची आहे, पुढे पाठवा वगैरे.

मी वायरमन आहे, आयटीआय करून अकरा वर्षं झाली, त्यातली सहा वर्षं सोलरची कामं करतोय. मला जुन्या पॅनलचं वाकडं नाही, ते पुढे सांगतोच. पण हा मेसेज ज्याने लिहिलाय त्याने पॅनल कधी उचलून पण बघितलेलं नाही, किंवा मग बघितलंय आणि त्याच्याकडे गोडाऊनभर पडलेत.

आधी ते ५ वर्षांचं. सोलर पार्कवाले सरकारशी वीज विकायचा करार करतात तो साधारण २५ वर्षांचा असतो. पैसे पण त्याच हिशोबाने उभे केलेले असतात. चालू पॅनल पाचव्या वर्षी काढून भंगारात द्यायला ते येडे आहेत का? आणि जरा डोकं चालवा, राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं २०१० मध्ये, २०१४ ला अख्ख्या देशात ३ गिगावॅटच्या आतबाहेर सोलर होतं, १०० गिगावॅट झालं ते २०२५ च्या जानेवारीत. म्हणजे आपल्या देशातले बहुतेक पॅनल अजून तरणेताठे आहेत, जागेवर बसून कामाला आहेत. मग बाजारात जुना म्हणून जो येतो तो माल कुठला? वादळात उडालेला, गारांचा मार खाल्लेला, गाडीतून उतरवताना आपटलेला, विमा कंपनीने पैसे देऊन सोडून दिलेला, आमच्याकडे सांगली-मिरज भागात म्हणाल तर पुरात बुडालेला पण असू शकतो. काही खरंच चांगला असतो, कुणी छत पाडलं, कुणी मोठं सिस्टम बसवलं म्हणून जुनं काढलं. पण तसा माल लॉटमध्ये ढीग लावून मिळत नाही, ओळखीत जातो.

आता मेन मुद्दा, ३७ व्होल्ट. याच्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे कारण हे ऐकायला एकदम शास्त्रीय वाटतं आणि मामांसारखा माणूस, जो द्राक्षाच्या औषधाची बाटली तीनदा वाचल्याशिवाय टाकीत ओतत नाही, तो पण यात फसतो.

काही न जोडता पॅनलच्या दोन वायरींवर जे व्होल्टेज दिसतं ते मुख्यतः आत सेल किती आहेत आणि ते किती तापलेत यावर ठरतं. ६० सेलचं पॅनल असेल तर ३७-३८ येणार, ७२ सेलचं असेल तर ४५ च्या पुढे. सकाळच्या कोवळ्या उन्हात, ढग असताना सुद्धा त्याच्या जवळपास येतं. ऊन कमी झालं की कमी होतो तो करंट, व्होल्टेज नाही. आणि आपल्याला बिल कमी करायला लागते पॉवर, म्हणजे लोड लावल्यावर दोन्हीचा गुणाकार. विहिरीत पाणी किती वर आहे ते बघून झऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, मोटार लावल्यावरच कळतं, तसंच आहे हे.

उलट गंमत बघा. सेल तापला की व्होल्टेज पडतं, एका डिग्रीला साधारण ०.३ टक्के. मे महिन्यात दुपारी पॅनल ६०-६५ डिग्रीला जातं, तेव्हा एकदम ठणठणीत पॅनल पण ३३ च दाखवणार. म्हणजे या मेसेजच्या परीक्षेत चांगलं पॅनल दुपारी नापास आणि मेलेलं पॅनल सकाळी सात वाजता पास. ही कसली टेस्ट?

मामांना फोनवर पटेना म्हणून गेलोच मग. गोडाऊन मिरजेच्या बाहेर. दुपारी बाराला बाराच्या बारा पॅनल उन्हात मांडायला लावले, विकणारा कुरकुरत होता पण मामांनी ॲडव्हान्स दिला नव्हता म्हणून मांडले. एक सोडून सगळ्यांवर ३३-३४ व्होल्ट. तो एक २२ वर. हे लक्षात ठेवा, पॅनलच्या आत सेलचे तीन भाग असतात आणि मागच्या डब्यात तीन डायोड (करंट एकाच बाजूने जाऊ देणारे छोटे पार्ट), त्यातला एक डायोड शॉर्ट झाला की बरोबर एक तृतीयांश व्होल्टेज जातं. ३३ चे २२. तेवढ्यापुरतं मल्टिमीटर कामाचं आहे, नापास करायला, पास करायला नाही.

मग डीसी क्लॅम्प मीटर लावून प्रत्येकाचा शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनलच्या दोन वायरी थेट एकमेकींना जोडल्यावर वाहतो तो, बघितला. २५० वॅटच्या पॅनलला भर उन्हात ८ अँपिअरच्या आसपास यायला पाहिजे. (हे साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकात करू नका, २५० वॅटला एकवेळ निभावेल पण नव्या ५५० वॅटच्या पॅनलला १४ च्या जवळ करंट असतो, फ्यूज जाईल. आणि चालू लोडवर वायर ओढून काढली की ठिणगी पडते ती एसीसारखी विझत नाही.) चौघांवर ८ आला, बाकीचे ५ ते ६. त्यानंतर माझं नेहमीचं हत्यार, ट्रकच्या हेडलाईटचे २४ व्होल्टचे दोन बल्ब, एकमेकांना पॅरलल. चांगल्या पॅनलवर हा लोड टाकला की व्होल्टेज २७-२८ वर थांबतं आणि बल्ब डोळ्यात घुसतो. ५ अँपिअरवाले १८ च्या खाली आले, बल्ब पिवळे. ८ वाल्या चारातलं पण एक बसलं. बारापैकी तीनच पास. काचेला एक पण ओरखडा नाही, मागचा पांढरा कागद पण बऱ्यापैकी, दिसायला सगळे सख्खे भाऊ.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. आयआयटी मुंबईतलं फोटोव्होल्टाइक संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आणि गुरुग्रामची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था यांनी मिळून २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ ला देशभर फिरून जागेवर बसलेले पॅनल तपासले होते. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, गरम भागातले पॅनल थंड भागातल्यापेक्षा लवकर उतरतात. दोन, छोट्या छतावरच्या सिस्टमची अवस्था मोठ्या प्लांटपेक्षा वाईट, कारण उचलताना, बसवताना केलेली घिसाडघाई आणि स्वस्तातला माल. सेलला पडलेल्या बारीक चिरा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो. आणि जुना पॅनल म्हणजे किमान दोनदा टेम्पोत चढलेला आणि दोनदा उतरलेला. २५ वर्षांची जी वॉरंटी म्हणतात ती कागदावर असते, बिलावर आणि सिरीयल नंबरवर. आडवा रचून दगडी रस्त्यावरून आणलेल्या पॅनलला कुठली कंपनी वॉरंटी देणार?

प्लगमध्ये वायर खोचायचं. हे ज्याने लिहिलं त्याला एकदा पोलवर चढवलं पाहिजे. जुनी चकतीची मीटरं उलटी फिरायची हे खरं, पण आता घरोघरी इलेक्ट्रॉनिक मीटर आहेत आणि बऱ्याच साध्या मीटरमध्ये उलटा गेलेला युनिट पण वापरात धरला जातो, म्हणजे वीज तुम्ही द्यायची आणि बिल पण तुम्हीच भरायचं. हे झालं पैशाचं. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला, जोडायचा इन्व्हर्टर वेगळा असतो, लाईट गेली की तो क्षणात बंद होतो. त्या मेसेजसोबत जो व्हिडिओ फिरतोय त्यात बॅटरीवाला साधा घरगुती इन्व्हर्टर आहे, दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर. ती खोचली आणि तेव्हा लाईट गेलेली असली तर तुमचे २३० व्होल्ट उलटे ट्रान्सफॉर्मरमध्ये जातात आणि तिकडे ११ हजारांच्या बाजूला वर चढतात. तिथे कुणीतरी फ्यूज बांधत उभा असतो, लाईन बंद आहे असं समजून. आणि लाईट परत आली की तुमच्या इन्व्हर्टरचा पण धूर. घरातलं पोर ती मोकळी पिन हातात धरेल ते वेगळंच. यावर मला अजून लिहायचं नाही, तोंडात शिव्या येतात.

सबसिडीचं पटकन सांगतो. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ आणि त्यापुढे ७८,००० मिळतात हे बरोबर. पण पॅनल भारतात बनलेल्या सेलचे, नवीन, नोंदणी असलेल्या व्हेंडरकडून, आणि महावितरणची तपासणी होऊन नेट मीटर बसल्यावर. जुन्यावर एक रुपया मिळत नाही. आता मामांचाच हिशोब घ्या. जुने १२ पॅनल २४,०००. नवे ५५० वॅटचे सहा, माझ्या डीलरकडे अशा पॅनलचा भाव सध्या वॅटमागे पंचवीसेक रुपये, म्हणजे ८२,५००. वाचले ५८,५००. सबसिडी गेली ७८,०००. साडेएकोणीस हजारांचा खड्डा इथेच पडला, अजून सहाऐवजी बारा पॅनलचं स्ट्रक्चर, जास्तीची वायर आणि जास्त अडलेली गच्ची धरलीच नाही. इन्व्हर्टर, अर्थिंग, तडितरक्षक हे तर दोन्हीकडे लागणारच, पॅनल जुनं आहे म्हणून अर्थिंग स्वस्तात होत नाही.

काचेला टेप: पावसाचं पाणी आत जातं, फ्रेममध्ये करंट उतरतो, दहा पॅनल सिरीजमध्ये (एकाला पुढचं असे एका ओळीत) जोडलेले असले तर तो तीनशे-साडेतीनशे व्होल्ट डीसी असतो. टेप कशाला लावता, बोर्डच लावा धोका म्हणून.

आणि बिल मागू नका. का बरं? सौर कृषी पंपाचे पॅनल शेतातून रातोरात चोरीला जातात हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. शेतकऱ्याने स्वतःचा १० टक्के हिस्सा भरून दोन-दोन वर्षं वाट बघून पंप घेतलेला असतो, एका रात्रीत नुसता सांगाडा उरतो. ते पॅनल जातात कुठे? मागचा स्टिकर खरवडता येतो, पण बऱ्याच पॅनलमध्ये सिरीयल नंबर काचेच्या आत पण असतो, तो खरवडता येत नाही. मागचा स्टिकर फाडलेला दिसला की मी तिथूनच गाडी फिरवतो. चोरीचा माल घेणारा पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये येतो, मला माहीत नव्हतं म्हणून सुटेल की नाही ते वकिलाला विचारा, बिल नसताना, स्टिकर फाडलेला असताना.

आता जे खरं आहे ते. जुनं पॅनल म्हणजे कचरा, असं मी म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या गोठ्यावर २०१७ चे दोन आहेत, एका गिऱ्हाइकाने मोठं सिस्टम बसवलं तेव्हा मीच हाताने काढलेले, जागेवर चालताना बघितलेले. त्यावर एक बॅटरी, दोन लाईट आणि कुंपणाचं झटका मशीन चालतं. जिथे लाईटच नाही, मळ्यातली खोली, राखणीची माच, फवारणी पंपाची बॅटरी चार्ज करायची आहे, तिथे तपासून घेतलेलं जुनं पॅनल चालतं आणि खरंच पैसे वाचतात. फक्त जुनं आणि नवं एका सिरीजमध्ये जोडू नका, सगळी ओळ अशक्त पॅनलच्या करंटवर येते. आणि घरच्या बिलासाठी ग्रिडला जोडायचं असेल तर जुन्याच्या नादी लागू नका.

मामांना मी तेच सांगितलं, घराला नवीन घेऊ, अर्ज मी भरतो, आणि हे जे तीन चांगले निघालेत ते मळ्यातल्या खोलीला घेऊन टाकू, नगाला २ हजार पण द्यायला तयार. विकणारा म्हणाला सुटे देत नाही, घ्यायचा तर लॉट घ्या. मी विचारलं तीनच चांगले आहेत हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं का. तो म्हणाला, "साहेब, व्होल्टेज तर सगळ्यांचं आलं ना." मामा टेम्पोवाल्याला भाडं देत होते, रिकाम्या टेम्पोचं, ९०० रुपये.