वाटीतलं सूप, मांडीवरचं सूप

आमच्या सोलापुरातल्या साखर पेठेच्या ग्रुपवर चार दिवसांत तिसऱ्यांदा तोच मेसेज: ‘गुडघ्यातलं ग्रीस संपलं, प्रोटीन कमी पडलं की गादी झिजते. 21 दिवस पाया सूप किंवा कोलेजन पावडर घ्या, गादी भरून येते. तोवर चालणं बंद.’ शेजारच्या मावशी तीस वर्षं मांडी घालून विड्या वळतायत. त्यांनी लगेच पावडरीचा डबा आणला. म्हणून हे लिहितोय.

आधी ग्रीस. गुडघ्यात असतो तो चिकटसर द्रव, तोही जेमतेम चमचाभर. दुखऱ्या गुडघ्यात तो बऱ्याचदा वाढतो. संध्याकाळी मावशींचा गुडघा टम्म फुगतो, तेव्हा काय संपलेलं असतं?

आता ‘प्रोटीन कमी पडलं’. खरी गोम इथे आहे. आपला टर्किश टॉवेल घ्या. ताण्याबाण्याने तो धरून ठेवलेला असतो आणि पाणी पितात ते वरचे लूप. गादीत, म्हणजे कूर्चेत, ताणाबाणा कोलेजनचा, तोही मुख्यतः ‘टाइप 2’ जातीच्या कोलेजनचा. पाणी धरून ठेवतं अ‍ॅग्रीकन नावाचं प्रथिन. निरोगी कूर्चेच्या वजनात 65 ते 80 टक्के पाणीच असतं, दाब झेलते ती त्याच्या जोरावर. झिजेच्या आजारात कूर्चेतल्याच पेशी कात्र्या, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स, बनवू लागतात. अ‍ॅडमटीएस-4 आणि 5 अ‍ॅग्रीकन कापतात, एमएमपी-13 कोलेजन तोडतं. आणि या कात्र्यासुद्धा प्रथिनंच! फायब्रोनेक्टिन, टेनासिन-सी ही प्रथिनं तर आजारी कूर्चेत निरोगी कूर्चेपेक्षा जास्त सापडतात. सुरुवातीला पेशी नवं अ‍ॅग्रीकनही जोमाने विणतात, पण विणण्यापेक्षा कापणं जोरात. फरक आहे तो कुठलं प्रथिन वाढलं, कुठलं घटलं आणि कुठल्याचे तुकडे झाले यात. ताटात डाळ कमी पडल्याने हे होत नाही.

मग सूप. कोलेजन पोटात गेलं की पचून त्याचे बारीक तुकडे होतात. ते काही चादरीचं पार्सल नाही, पत्ता टाकला की गुडघ्यावर उतरायला. शिवाय मोठेपणी गादीतलं कोलेजन जवळजवळ बदलतच नाही. 1950-60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन वाढला होता. शरीरात तेव्हा जे विणलं गेलं, त्यात तो उतरला. त्याचा माग काढून 2016 साली हे दाखवलं गेलं, तेही निरोगी आणि झिजलेल्या अशा दोन्ही गुडघ्यांत. जे शरीर वर्षानुवर्षं करत नाही, ते 21 दिवसांत? पावडरीने दुखणं थोडं कमी झाल्याचे छोटे अभ्यास आहेत, नाकारत नाही. पण दुखणं कमी होणं वेगळं आणि गादी भरणं वेगळं. पाया सूप मला स्वतःला आवडतं, कडक भाकरी चुरून. औषध म्हणून नाही.

‘चालणं बंद’ हा सल्ला तर सगळ्यात वाईट. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. दाब पडतो-सुटतो तसा द्रव आत-बाहेर होतो आणि तिचं पोषण होतं. बसून राहिलं की मांडीचे स्नायू ढिले पडतात, मग भार गुडघ्यावरच. जाड माणसाचं एक किलो वजन उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.

मावशी डबा परत द्यायला गेल्या. सील फुटलंय म्हणून दुकानदाराने घेतला नाही. पावडर आता नातवाच्या दुधात जाते. पानं-तंबाखूचं सूप मात्र मांडीवरून उतरून टेबलावर गेलंय आणि मावशी खुर्चीत बसून वळतात. पहिल्या आठवड्यात हजारी, म्हणजे हजार विड्यांचा आकडा, भरेना म्हणून कुरकुरल्या, एवढंच.