खणलेल्या रस्त्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पंचायतीने सगळ्या खात्यांच्या कामांची एकच यादी करावी आणि कामांचा क्रम ग्रामसभेत ठरवावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, कर्नाटकातल्या सीमाभागातल्या मराठी गावांना मुळात निधीच मिळत नाही, तिथे समन्वयाच्या गप्पा कशाला? शिवाय असल्या लेखांनी सीमाप्रश्न बाजूला पडतो. तुमचा राग मला परका नाही, पण निधीचं म्हणणं पटत नाही.

जलजीवन मिशनचंच घ्या. २०१९ साली सुरू झालेली घरोघरी नळाची योजना, केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा, माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब. खानापूर, बेळगाव तालुक्यांतल्या कितीतरी गल्ल्यांतून तिची पाइप गेली. म्हणजे पैसा आला. पण काम कसं झालं? काँक्रीट केलेल्या गल्लीच्या कडेने चर मारला, पाइप टाकली आणि वर तीच तांबडी माती लोटली. पहिल्या मोठ्या पावसात माती गटारात गेली, गटार तुंबलं आणि घरात जाणारी नळाची पाइप त्या पाण्यात बुडाली. आपल्याकडे नळाला पाणी चोवीस तास नसतं. पुरवठा बंद झाला की रिकाम्या पाइपमध्ये सैल सांध्यातून बाहेरची घाण ओढली जाते, आणि पुढच्या पाळीला तीच घागरीत उतरते.

रस्त्याचं खातं वेगळं, पाण्याचं वेगळं, पंपाची वीज हेस्कॉम या वीज कंपनीकडे. प्रत्येकाचं अंदाजपत्रक वेगळं, ठेकेदार वेगळा. आधी पाइप, मग गटार, मग रस्ता, एवढं सांगणारा माणूस यांतल्या एकाही कार्यालयात बसत नाही. तो गावातच बसायला हवा. वित्त आयोगाच्या निधीचंही तसंच. १५ व्या आयोगाने २०२१ ते २६ साठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, ४० टक्के मोकळा. मोकळ्या पैशातून आधी रस्ता करून घेतला की पाइपसाठी तोच फोडायची पाळी येते.

खानापूरच्या पश्चिमेच्या जंगलपट्ट्यात तर ग्रामसभेशिवाय पानही हलत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात रस्ता, पाण्याची पाइप, शाळा, अंगणवाडी अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, पण शिफारस ग्रामसभेची लागते. (अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायदाही आडवा येतो, तो विषय मोठा आहे.)

भाषेबद्दल मात्र तुमचं खरं आहे आणि त्यावर मी कमी लिहिलं. गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीतून देणं हा घटनेच्या कलम ३५० ने दिलेला हक्क आहे. तो सोडू नका. पण ग्रामसभेच्या ठरावाची नोंद कन्नडमध्ये होते. नोंदवहीत काय लिहिलंय ते गावातल्या कन्नड शिकलेल्या पोरापोरींकडून मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही करा. ग्रामसभेत एक बोलणं झालं आणि वहीत दुसरंच उतरलं, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे.

सीमाप्रश्नाचं म्हणाल तर महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तडीस जावा हीच माझीही इच्छा. पण तोवर, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या म्हाताऱ्या माणसांनी चिखल तुडवत दवाखाना गाठायचा, हे मला मान्य नाही. चांगला रस्ता मागितला म्हणून कुणाचं मराठीपण कमी होत नाही.

तुमच्या गल्लीतही पाइपसाठी रस्ता फोडल्याचं तुम्ही लिहिलंय. पंचायतीत जाऊन पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) त्या कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत लेखी मागा. रस्ता पूर्ववत करण्याची बाब त्यात आहे का ते पाहा. असेल आणि काम झालेलं नसेल, तर ठेकेदाराचं शेवटचं बिल निघायच्या आत ग्रामसभेचा ठराव घ्या. त्याची एक प्रत पाणीपुरवठा खात्याला, एक तालुका पंचायतीच्या कार्यनिर्वाहक अधिकाऱ्यांना द्या, आणि दोन्हींवर पोच घ्या.